आजी, बटण तुम्हीच लावायचं!



‘मोठं झाल्यावर’ या आपल्या सदरासाठी दर आठवड्याला पुष्कळ पत्रं येतात. कुणाला वैमानिक व्हायचं असतं, कुणाला कलेक्टर, कुणाला क्रिकेटपटू. एका पठ्ठ्याला तर आइस्क्रीमचा कारखाना काढायचाय! (त्याला उत्तर पुढे कधीतरी.) पण महाबळेश्वरहून आलेलं एक पत्र मी तीन-चारदा वाचलं. लिहिणारी मुलगी नववीत आहे. ‘माझं नाव छापू नका, वर्गातल्या मुली चिडवतील,’ असं तिने खाली दोन रेघा मारून लिहिलंय, म्हणून नाव देत नाही. पत्र मात्र जसंच्या तसं देते.

“ती. ताईंना सा. न. वि. वि.

महाबळेश्वरजवळच्या एका गावात आमचं घर आहे. आमची स्ट्रॉबेरीची शेती आहे. गेल्या दिवाळीनंतर माझ्या आजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आधी साताऱ्याला नेलं, मग पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. जीव वाचला. थोड्या दिवसांनी पाय जरा हलायला लागला, पण हात तसाच. मग आई तिला भरवायची, आत्या वेणी घालायची आणि कपडे मी घालायचे.

एके दिवशी वॉर्डात एक ताई आल्या. आम्हाला वाटलं डॉक्टर. पण त्यांच्या हातात ना इंजेक्शन ना गोळ्या. एक प्लॅस्टिकची टोपली होती. तिच्यात कपड्यांचे चिमटे, दोन वाट्या, शेंगदाणे आणि एक जुना ब्लाउज! नर्सबाई म्हणाल्या, ‘ओटीच्या मॅडम आल्यात.’ आम्ही घाबरलो, कारण ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर ना! आणि आजीला काय वाटलं माहितीये? ती म्हणाली, ‘आगं पोरी, या वयात माझी कसली ओटी भरतीस?’

त्या ताईंनी विचारलं, ‘आजी, सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करायच्या?’ आजी रडायलाच लागली. ‘समदं करायची. स्ट्रॉबेरी तोडायला माझ्यापुढं कोण टिकायचं न्हाई. आता काय, मातीचा गोळा,’ म्हणाली. मग ताईंनी ब्लाउज घालायला दिला. मी बटण लावायला पुढे झाले तर म्हणाल्या, ‘तू थांब. आजी, बटण तुम्हीच लावायचं.’ एका बटणाला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते. आई बाहेर जाऊन म्हणाली, ‘आजारी माणसाचे काय हे हाल!’ मलापण राग आला. पण बटण लागलं आणि आजी हसली. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

आता आजीला घरी आणलंय. आई अजून भरवते. आई शेतात गेली की मी आणि आजी गुपचूप बटणं लावतो. चार मिनिटांवर आलोय.

ताई, दादा म्हणतो, ‘शेंगदाणे उचलायला लावायचं, हे काय काम आहे?’ बाबा म्हणतात, बारावीनंतर नर्सिंग कर, नोकरी पक्की. मला त्या ताईंसारखं व्हायचंय. त्याचं खरंच कॉलेज असतं का? आणि दुसरा प्रश्न. आजीचा हात पूर्वीसारखा होईल का? खरं सांगा.

तुमची वाचक”

काय पत्र आहे! प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही सोपे नाहीत. उत्तर नीट द्यायचं तर माहिती हवी, म्हणून मी माझ्या एका मैत्रिणीला गाठलं. ती कित्येक वर्षं हेच काम करते. तिच्याशी झालेल्या गप्पांतून आणि थोड्या वाचनातून हे उत्तर तयार झालंय.

हे काम आहे तरी काय?

त्या ताई होत्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ. नाव जरा जड आहे, पण घाबरू नका. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस दिवसभर ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो, तो त्याचा व्यवसाय. तान्ह्या बाळाचा व्यवसाय खेळणं, तुमचा शाळेत जाणं (आणि मधल्या सुट्टीत डबा खाणं!), आईचा घर आणि शेत. दात घासणं, आंघोळ, वेणी, भाकरी थापणं, सही करणं, नातवाला मांडीवर घेणं, हे सगळं त्यात आलं. आजाराने किंवा अपघाताने ही कामं हातातून सुटली, तर ती पुन्हा करता यावीत म्हणून जे उपचार करतात, तो व्यवसायोपचार. आणि औषध कोणतं? तर ते कामच!

मग फिजिओथेरपी वेगळी कशी? ढोबळमानाने सांगायचं तर हात वर उचलला जावा यासाठी फिजिओथेरपिस्ट झटतात. वर गेलेल्या हाताने माणसाला स्वतःचे केस विंचरता यावेत, यासाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ झटतात. दोघं शेजारीशेजारी काम करतात. भांडण मुळीच नाही!

आता दादाच्या शेंगदाण्याकडे वळू. आपल्या मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की उजवा हात लुळा पडतो. हाताचं हाड मोडलेलं नसतं, स्नायू फाटलेला नसतो. बिघाड असतो तो हुकूम सोडणाऱ्या कचेरीत. तिथल्या मेलेल्या पेशी परत जिवंत होत नाहीत. पण शेजारच्या पेशी ते काम थोडंफार शिकू शकतात. कशा शिकतात? तुम्ही पाढे कसे शिकलात? पुन्हा पुन्हा म्हणून! तसंच हे. एकच हालचाल शेकडो वेळा, तीही मन लावून आणि उपयोगाच्या कामासाठी. नुसतं ‘बोटं हलवा, बोटं हलवा’ म्हटलं तर माणूस दहा मिनिटांत कंटाळतो. शेंगदाणा उचलून वाटीत टाकायचा म्हटलं की त्याला खेळाचा रंग येतो.

याची दुसरी बाजूही आहे. न वापरलेला हात ‘मी नाहीच’ असं शिकतो. माणूस सगळं चांगल्या हाताने करू लागतो, घरचे उरलेलं करून टाकतात आणि दुबळा हात आणखीच मागे पडतो. म्हणून त्या ताई म्हणाल्या, ‘तू थांब.’ ती अकरा मिनिटं म्हणजे हाल नव्हते, तो औषधाचा डोस होता.

आणि टोपलीतल्या वस्तू उगीच जमवलेल्या नव्हत्या बरं का! स्ट्रॉबेरी कशी तोडतात, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये देठ धरायचा, अलगद मुरडायचा. जोर कमी पडला तर तुटत नाही, जास्त झाला तर फळ चिरडतं. ही बारीक चिमूट हाताला पुन्हा शिकवायची, तर पायऱ्या पाडाव्या लागतात. आधी कापसाचा बोळा, मग शेंगदाणा, मग ताकद लागते असा कपड्यांचा चिमटा, मग बोटांना जोडीने कामाला लावणारं बटण. ‘दिवसभर काय करायच्या?’ हा प्रश्न ताईंनी गप्पा मारायला विचारला नव्हता. आजींना कुठे परत जायचंय, हे त्यांना शोधायचं होतं.

क्षयरोग्यांची हवा आणि एका घराची बाग

तू राहतेस तो डोंगरच मुळी आजाऱ्यांचा. १८२८-२९च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला वसाहत उभी केली, ती आजारी इंग्रजांना हवापालट व्हावा म्हणून. तुमच्याच तालुक्यातल्या पाचगणीला १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू झालं. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. तोवर उपचार काय? थंड कोरडी हवा, सकस अन्न आणि विश्रांती. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं नुसतं पडून राहायचं.

पडून राहून माणसाचं काय होतं? अंगातली ताकद जाते आणि मनातलीही. ‘मी आता कशाच्या कामाचा?’ हा विचार पोखरतो. हा अनुभव अमेरिकेतल्या जॉर्ज बार्टन नावाच्या माणसाने घेतला. तो इमारतींचे आराखडे काढणारा, वास्तुशिल्पी. त्याला क्षय झाला, पुढे डाव्या पायाचा काही भाग कापावा लागला, त्यातच डाव्या बाजूला लकवा झाला. तो न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी उपचारांना आला. बरा होता होता त्याने तिथे एक घर घेतलं, बागेत खपू लागला, सुतारकाम करू लागला आणि त्या कामानेच स्वतःला सावरलं. मार्च १९१७ मध्ये त्याच घरी मोजकी माणसं जमली आणि त्यांनी व्यवसायोपचाराची संस्था स्थापन केली. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. हात-पाय गमावलेले जवान घरी परतू लागले आणि या कामाची गरज सगळ्यांना पटली.

फलटणच्या शाळेच्या नावातली बाई

हे झालं अमेरिकेत. आपल्याकडे हे कुणी आणलं? उत्तर शोधायला तुला सातारा जिल्ह्याबाहेर जायला नको! फलटणला ‘कमला निंबकर बालभवन’ नावाची शाळा आहे. ज्यांचं नाव त्या शाळेला दिलंय, त्या कमलाबाईंनीच.

कमलाबाई जन्माने अमेरिकन. मूळ नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९००चा. विष्णू निंबकर हे मराठी गृहस्थ अमेरिकेत होते, तिथे दोघांची ओळख झाली. १९३० साली त्या भारतात आल्या, लग्न केलं आणि कमला झाल्या. पुढे चाळिशी ओलांडल्यावर त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या शाळेत व्यवसायोपचार शिकल्या. चाळिशीनंतर विद्यार्थिनी, बरं का! वर्गात बाकीच्या मुली केवढ्याशा असतील, कल्पना करा.

परत आल्यावर मुंबईला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. ती भारतातलीच नव्हे, आशियातली पहिली. पुढे नागपूरलाही असं शिक्षण सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९५२ साली देशातल्या व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना त्यांनी उभी केली. त्याच साली या व्यवसायाची जागतिक संघटना दहा देशांनी मिळून स्थापन केली, त्या दहांत भारत होता! देश स्वातंत्र्य मिळून पाच वर्षांचा, पण मानाने पहिल्या पंगतीत. कमलाबाई १९७९ साली गेल्या. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी फलटणला शेतीसंशोधनाची संस्था काढली, म्हणून हे नाव सातारा जिल्ह्यात रुजलं.

तेव्हा ‘याचं खरंच कॉलेज असतं का?’ या प्रश्नाला उत्तर: असतं, आणि सत्तर वर्षांहून जुनं असतं!

तिथे पोचायचं कसं?

दहावीनंतर शास्त्र शाखा घ्यायची. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवंच. नंतर प्रवेशपरीक्षा. महाराष्ट्रात गेली काही वर्षं वैद्यकीय शिक्षणाची ‘नीट’ हीच परीक्षा या प्रवेशासाठीही धरतात. पण असे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तुझी बारावी येईल तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाच. (हे ‘नीट’ वेगळं!) पदवीचं नाव बॅचलर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी. शिक्षणाला चार-पाच वर्षं लागतात आणि त्यात शेवटी रुग्णालयात इंटर्नशिप असते. मुंबईत के. ई. एम.चं सेठ जी. एस. महाविद्यालय, नायर, शीव आणि हाजीअलीची अखिल भारतीय संस्था, शिवाय नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी जुनी ठिकाणं आहेत. काही खासगी महाविद्यालयंही आहेत. महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत.

शिकायचं काय? हाडं, स्नायू, नसा, मेंदू हे तर आलंच. शिवाय मानसशास्त्र, मुलांची वाढ आणि कामाची चिरफाड! म्हणजे एकेक काम सुटं करून बघायचं. शिवाय हाताला आधार देणारे स्प्लिंट बनवायला शिकवतात. गरम पाण्यात मऊ पडणाऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा हातावर बसवून आकार द्यायचा. ज्याला हस्तकला आवडते, त्याला हे फार आवडतं म्हणे.

आणि कामाची जागा फक्त अर्धांगवायूच्या वॉर्डात नसते. भाजलेले रुग्ण, हाताची शस्त्रक्रिया झालेले, हालचालीला अडचण असलेली लहान मुलं, स्वमग्न मुलं, मनाच्या आजारातून सावरणारी माणसं, अशा सगळ्यांना ही मदत लागते.

पहिल्या नोकरीचे दिवस

आता मैत्रिणीची गोष्ट. शिकून बाहेर पडली आणि एका रुग्णालयात लागली. पगार बेताचा. त्यांचा विभाग कुठे? तर इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात, धुलाईच्या खोलीशेजारी! पहिल्याच दिवशी एका रुग्णाच्या बायकोने विचारलं, “तुम्ही शिवणाच्या बाई का?” दुसऱ्याने विचारलं, “खऱ्या डॉक्टर कधी येणार?” ती म्हणते, “पहिलं वर्षभर मी उपचार कमी आणि ओळख जास्त करून देत होते.” तेव्हा महाबळेश्वरच्या मुली, वर्गातल्या मुलींच्या चिडवण्याला घाबरत असशील तर आत्तापासून सवय कर!

पहिल्या आठवड्यात तिच्याकडे एक आजोबा आले. त्यांची एकच इच्छा होती, ‘चहा माझ्या हाताने प्यायचाय.’ तिने कपाला जाड मूठ बसवली, अर्धाच कप भरला, आजोबांना टेबलाशी ताठ बसवलं. कप ओठांशी जाईना. हात थरथरत होता. तिला राहवेना. तिने हळूच त्यांच्या कोपराला आधार दिला, मग मनगटाला. चहा संपला. ती खूश! तिच्या वरिष्ठ बाई दारातून बघत होत्या. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “आजचा चहा कुणी प्यायला गं? त्यांनी की तू?”

“त्या दिवसापासून मी हात मागे बांधून उभी राहायला शिकले,” मैत्रीण म्हणाली. “या कामात सगळ्यात कठीण तेच. मदत करणं सोपं असतं. सांडणार नाही, पडणार नाही एवढी काळजी घ्यायची आणि तरीही थांबायचं, हे कठीण.”

मी विचारलं, “सगळे बरे होतात?” ती जरा गप्प झाली. मग तिने एका शिंप्याची गोष्ट सांगितली. त्याचा उजवा हात गेला होता. सहा महिने दोघांनी कसून मेहनत केली. हात थोडा सुधारला, पण कात्री चालवण्याइतका नाही. ती घरी जाऊन रडली. पण काम तिथे संपलं नाही. तिने त्याला डाव्या हाताने लिहायला शिकवलं, मापं घ्यायला, खडूने आखायला शिकवलं. कात्री पुतण्याने धरली. दुकान उघडं राहिलं आणि गादीवर मालक म्हणून तोच बसला. “हात परत आला नाही,” ती म्हणाली, “पण माणूस परत आला.”

आता तुझा दुसरा प्रश्न

तू लिहिलंस, ‘खरं सांगा.’ म्हणून खरंच सांगते. आजीचा हात पूर्वीसारखा होईलच, असं मी सांगू शकत नाही. आजीला न तपासता कुणीच सांगू शकणार नाही. अशा आजारात पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पण त्यानंतर दार बंद होतं असं नाही. वेग कमी होतो, सरावाने सुधारणा चालू राहू शकते. अकरा मिनिटांवरून चार मिनिटं, ही काही थोडी गोष्ट नाही.

मात्र गुपचूप करू नकोस. आईला सोबत घे. आई भरवते ती मायेने, तिला दोष देऊ नकोस. सासूचे हाल बघवत नाहीत म्हणून ती रागावली. पुढच्या वेळी आजीला दाखवायला नेताल तेव्हा आईलाही थेरपिस्टताईंशी बोलू दे. ‘घरी काय करू द्यायचं, काय नाही’ हे त्यांच्याकडून लिहून घ्या. सराव त्यांनी सांगितलाय तेवढाच आणि तसाच.

काही साध्या गोष्टी मैत्रिणीने सांगितल्या, त्या विचारून करता येतील. ब्लाउज घालताना दुबळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना शेवटी काढायचा. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड केलं की पकड येते. ब्लाउजला पुढून बटणं असू द्यावीत, फारच जड गेलं तर वेलक्रो लावावं. आजीला उठवताना दुबळा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांद्याला इजा होते.

आणि काठी! तुमच्या बाजारात पर्यटक हौसेने काठ्या घेतात. आजीची काठी तशी हौसेने निवडायची नाही. ताठ उभं राहून हात सरळ सोडला की मनगटाची घडी जिथे येते, तेवढी काठीची उंची. काठी चांगल्या हातात धरायची. आणि खाली रबरी टोपण हवंच. महाबळेश्वरच्या पावसात शेवाळलेल्या पायरीवरून धडधाकट माणूसही घसरतो, हे तुला काय सांगायचं!

पुढच्या हंगामात फळं लागतील तेव्हा, थेरपिस्टताई हो म्हणाल्या तर, आजीला खुर्ची टाकून वाफ्याशी बसवा. एकच डबी भरायची. एखादी स्ट्रॉबेरी चिरडली तर खाऊन टाका!

दादाला काय सांगशील? शेंगदाणे उचलायला लावणं हे काम नाही. कुठला शेंगदाणा, कधी, कितीदा, कुणासाठी, आणि तो खाली पडल्यावर आपण तो उचलायचा की नाही, हे कळणं म्हणजे काम. आणि बाबांना सांग की नर्सिंगही उत्तम आहे, त्यांचं काही चुकत नाही. पण तुला काय हवंय हे तुला कळलंय, तेही मोठंच. बारावीला अजून वेळ आहे. शास्त्र शाखा घेतलीस की दोन्ही वाटा खुल्या राहतात, तेव्हा आत्ताच भांडायचं कारण नाही!

सगळ्यांसाठी गृहपाठ

आता तुम्ही सगळे. या आठवड्यात दोन गोष्टी करा. पहिली: ज्या हाताने लिहिता, तो हात अर्धा तास खिशात ठेवा. दुसऱ्या हाताने शर्टाचं बटण लावा, वेणीला रबर लावा, चप्पलचा पट्टा लावा. घड्याळ लावून वेळ मोजा. (जेवताना करून बघाल तर आईला आधी सांगा, नाहीतर माझ्या नावाने ओरडा बसेल!)

दुसरी: घरात कुणी चहा करत असेल तर शांतपणे बघा आणि प्रत्येक लहान हालचाल वहीत लिहा. डबा उघडणं, चमचा धरणं, साखर मोजणं, उकळी कधी येते याकडे लक्ष ठेवणं... तुमची यादी किती पायऱ्यांची झाली ते मला कळवा. दहाच लिहिल्या असतील तर पुन्हा बघा. मैत्रीण म्हणते, चांगल्या विद्यार्थ्याला तीसच्या वर सापडतात.

आणि महाबळेश्वरच्या मुली, तुझी वही मी आत्ताच तपासली असं समज. घड्याळ लावून बसलीस, मदतीला धावलीस, अडवल्यावर थांबलीस आणि आजीचं हसू टिपलंस. पहिला धडा तर तुझा झालाय. बटण तीन मिनिटांवर आलं की पत्र टाक.

तुमची,
ताई